एकोणऐंशी म्हणजे किती?

आमच्या शाळेत मराठी बोलायला अजिबात बंदी नव्हती. कुणाच्या कानावर पडू नये, एवढीच अपेक्षा होती. वर्तकनगरच्या त्या इंग्रजी शाळेत आईबापांना 'पेरेंट्स', डब्याला 'टिफिन' आणि शिपाईमामांना 'सपोर्ट स्टाफ' म्हणत. अशा ठिकाणी बाई सकाळी सव्वासातला फाटकातून आत शिरत आणि त्याच सपोर्ट स्टाफला मोठ्याने विचारत, "काय हो, गुडघा काय म्हणतोय?" तिथून दुपारी शाळा सुटेपर्यंत त्यांचं मराठी बंद होत नसे.

त्यांना मॅडम म्हटलेलं चालायचं नाही. मिस तर त्याहून नाही. "मिस म्हणजे चुकणं. मी कुठे चुकलेय?" असं त्या विचारायच्या. त्यामुळे पोरं त्यांना बाई म्हणत, प्रिन्सिपल मॅडमही बाईच म्हणत. दक्षिणेतून आलेल्या आमच्या कॉम्प्युटरच्या सरांना तर बाई हे त्यांचं आडनाव वाटत होतं. ते अतिशय अदबीने त्यांना 'मिसेस बाई' म्हणायचे.

मी त्यांच्या हाताखाली चार वर्षं काढली. पहिल्या दिवशी मी डोंबिवलीची आहे असं सांगितलं, तेव्हापासून माझं नाव डोंबिवली पडलं ते पडलंच. "अगं डोंबिवली, खडू आण." "डोंबिवली, तुझा वर्ग ओरडतोय." स्वतः त्या शहाडच्या. शहाडच्या माणसाने डोंबिवलीला असं हिणवावं हे डोंबिवलीकरांच्या किती जिव्हारी लागतं ते बाहेरच्याला समजायचं नाही. आमच्याकडे एवढे क्लास, एवढी व्याख्यानं, एवढे गुणवत्ता यादीतले चेहरे, आणि शहाडला काय, तर नदी!

बाई तिसरी-चौथीला गणित शिकवायच्या. 'साधारण' या शब्दाचा त्यांना मनापासून राग होता. "पाच मिनिटांत येते" म्हणून गेलं तर परत आल्यावर त्या घड्याळ पुढे करत, "सात झाली." वय विचारलं तर सत्तावन्न वर्षं चार महिने. स्टाफरूममध्ये कुणाच्या वाढदिवसाचा केक आला की सुरी त्यांच्या हातात द्यायची, असा अलिखित नियम होता. त्या अकरा जणांत केकचे अकरा तुकडे पाडून दाखवत आणि ते सगळे सारखे असत. हे जमवताना त्या एवढा वेळ घेत की मधली सुट्टी संपायची, पण तक्रार करायची कुणाची छाती नव्हती.

एका तासाला एक गणित, हा त्यांचा वेग. फळ्यावर गणित लिहायचं आणि मागच्या बाकावर जाऊन बसायचं. एखाद्या हुशार पोराने लगेच हात वर करून उत्तर ठोकलं की बाई म्हणत, "उत्तर मला माहीत आहे. दुसरं काहीतरी सांग." तो हुशार पोरगा गांगरायचा. उत्तराशिवाय गणितात सांगण्यासारखं आणखी काही असतं, हे त्याला त्याच्या क्लासमध्ये कुणी सांगितलेलं नसायचं.

वही तपासताना बरोबर उत्तरांवर त्या नुसती बरोबरची खूण करून पुढे जात. चुकलेल्यावर मात्र थांबत, चष्मा कपाळावर चढवत आणि कधीकधी लाल पेन्सिलीने लिहीत, 'छान चूक'. यावरून एक गृहस्थ भांडायला आले होते. मुलाने त्रेसष्ट वजा अठ्ठावीस बरोबर पंचेचाळीस असं लिहिलं होतं आणि खाली बाईंचा शेरा.

"मॅडम, यात छान काय आहे?"

"त्याने दरवेळी मोठ्यातून लहान वजा केलाय. आठातून तीन गेले पाच, सहातून दोन गेले चार. हा नियम त्याला कुणी शिकवला नाही, त्याने स्वतः शोधलाय. चुकीचा आहे, पण स्वतःचा आहे. तुम्ही स्वतःचं असं शेवटचं काय शोधलंत?"

गृहस्थ आयटीत होते. ते बराच वेळ विचार करत बसले आणि चहा न घेता गेले.

आता रॉकेटची गोष्ट. संस्थेला एका वर्षी वाटलं की आपली तिसरीतली मुलं फार हळू वाढताहेत. म्हणून कुठल्याशा परदेशी कंपनीची परीक्षा विकत आणली. चाळीस प्रश्न, पंचेचाळीस मिनिटं, टॅबलेटवर. एकदा उत्तर दाबलं की मागे जायची सोय नाही. शेवटी प्रत्येकाचं पर्सेंटाइल निघायचं. पंच्याऐंशी आणि वर असेल त्याने रॉकेट बॅचमध्ये बसायचं आणि चौथीचं गणित तिसरीतच उरकायचं. उरलेल्यांची बॅच रिव्हर. 'स्लो' हा शब्द मुलांच्या मनावर परिणाम करतो, असं आमच्या कौन्सेलर मॅडमचं म्हणणं पडलं, म्हणून रिव्हर. आठवड्याभरात पोरांनी रिव्हरचा नाला केला. "तू कुठे?" "मी नाल्यात."

नाला मला मिळाला. रॉकेट बाईंना. एवढी कडक बाई म्हणजे भराभर शिकवत असणार, अशी संस्थेची समजूत. शाळेतल्या सगळ्यात संथ बाईंच्या हाती रॉकेट देऊन सगळे निर्धास्त झाले.

या परीक्षेचे क्लासही निघाले, हे सांगायला नकोच. आमच्या डोंबिवलीत आधी दहावीचे क्लास होते, मग आठवीचे झाले, मग पाचवीच्या स्कॉलरशिपचे. आता पहिली-दुसरीतल्या पोरांना रॉकेटमध्ये बसवून द्यायचे क्लास आले. तिथे प्रश्न न वाचता उत्तर कसं ओळखायचं ते शिकवत. माझ्या भावाच्या मुलीला घातलं होतं. आठ वर्षांची मुलगी मला म्हणाली, "आत्या, सी दाबायचं. माहीत नसलं की सी." तिला पर्सेंटाइल चांगलं मिळालं.

घोडबंदर रोडच्या एका टॉवरमधल्या आई बाईंकडे आल्या होत्या. त्यांच्या मुलाला ब्याण्णव मिळाले होते. रॉकेटमध्ये जागाही मिळाली होती. तरी त्या रडवेल्या झाल्या होत्या, कारण शेजारच्या फ्लॅटमध्ये शहाण्णव होते.

"म्हणजे आठ टक्के त्याला येतच नाही ना, बाई?"

"अहो, पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत," बाई म्हणाल्या. "रेशनच्या रांगेत तुमच्या मागे किती जण उभे आहेत, एवढंच त्यातून कळतं. तुमच्या पिशवीत तांदूळ किती, ते नाही कळत."

"पण रांगेत पुढे असलेलं चांगलंच ना?"

"दुकान उघडं असलं तर."

आई खूश होऊन गेल्या. त्यांना काय समजलं ते देवाला ठाऊक.

तर त्या पहिल्या वर्षी जूनमध्ये परीक्षा झाली आणि कंपनीकडून प्रत्येक मुलाचा रंगीत रिपोर्ट छापून आला. तो पालकांना सहामाहीनंतर द्यायचा होता. तोवर आकडे शाळेच्या कॉम्प्युटरमध्ये चढवून पालकांना नुसतं पत्र पाठवायचं होतं, तुमच्या पाल्याला इतके, तो अमुक बॅचमध्ये. शंभरावर मुलं. हे काम बाईंना आणि मला दिलं. बाई वाचणार, मी टाइप करणार.

"वाचू इंग्रजीतून?" असं मी विचारलं आणि घोळ केला.

"इंग्रजीत सिक्स्टीन आणि सिक्स्टी सारखं ऐकू येतं. फिफ्टीन, फिफ्टी तेच. मराठीत सोळा आणि साठ यांत आजवर कुणाची गफलत झालेली नाही. मराठीत वाचते. चुकायला नको."

आता माझी अडचण सांगते. माझे आईवडील दोघंही मराठी शाळेत शिकलेले, घरात मराठी वर्तमानपत्र, दिवाळी अंक, सगळं. पण मुलीचं भलं व्हावं म्हणून मला इंग्रजी शाळेत घातलं. घरी मराठी, आकडे मात्र इंग्रजी. भाजीवाल्याने "पासष्ट" म्हटलं की मी आईकडे बघायची. वीसपर्यंत माझं ठीक चालतं, पुढे सगळं धुकं. बी.एड. झालेल्या, तीन वर्षं गणित शिकवणाऱ्या बाईने हे कबूल कसं करायचं? मी "वाचा" म्हटलं.

बाकीचे आकडे कानाने कसेबसे जुळवता यायचे, नऊसाठी मात्र मनाशी मी एक नियम बसवला होता. शेवटी नऊ असला की मराठीत सुरुवातीला 'एकोण' येतं. त्याच्यापुढे जे येतं ते दशक. एकोणऐंशी, म्हणजे ऐंशी आणि नऊ. एटी नाइन. किती सोपं. बाई संथपणे वाचत गेल्या, मी टकाटक टाइप करत गेले, आणि दोन तासांनी बाई म्हणाल्या, "बघ, एकसुद्धा आकडा तुला दुसऱ्यांदा विचारावा लागला नाही. मराठीत हे असं असतं."

मराठी गणिताच्या पुस्तकात हल्ली सत्तर नऊ, ऐंशी दोन असं म्हणायची सोय झालीये. ती बाईंना मुळीच मान्य नव्हती. "सत्तर नऊ काय? टेलिफोन नंबर सांगताय का?" असं त्या म्हणत.

तिसरीतल्या जुई नावाच्या एका मुलीला एकोणऐंशी होते. मी एकोणनव्वद लिहिले आणि जुई रॉकेटमध्ये गेली.

जुईला पंचेचाळीस मिनिटांत शेवटचे नऊ प्रश्न उघडायलाही जमलं नव्हतं, कारण प्रत्येक उत्तर ती दोनदा पडताळून बघायची. रॉकेटमध्येही तिचं तेच चालू होतं. बाकीची पोरं उत्तर काढून, एकमेकांना कोपरं मारून, पाणी पिऊन यायची, तरी जुई पहिल्याच ओळीवर. एकदा अपूर्णांक चालू असताना तिने विचारलं, "बाई, पाव पोळी आणि पाव भाकरी सारखीच असते का?"

वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी त्या प्रश्नावर दोन दिवस घालवले. दुसऱ्या दिवशी घरून पोळी आणि भाकरी घेऊन आल्या, सुरीने पाव-पाव केलं, वजनाला विज्ञानाच्या प्रयोगशाळेतला काटा आणला. रॉकेटच्या पालकांच्या ग्रुपवर त्या रात्री पंचवीस मेसेज पडले, आमची मुलं कोर्समध्ये मागे पडताहेत आणि शाळेत भाकऱ्या मोजतायत म्हणून. बाई मात्र स्टाफरूममध्ये मला म्हणाल्या, "अगं डोंबिवली, बत्तीस वर्षं शिकवतेय. हा प्रश्न पहिल्यांदा आला." त्या दिवशी त्यांनी डबाही खाल्ला नाही, इतक्या त्या आनंदात होत्या.

दिवाळीनंतर रिपोर्ट वाटले. माझ्या नियमामुळे चारपाच मुलांचे दहा-दहा वाढले होते, हे तेव्हा उघड व्हायला हवं होतं. पण पत्रात नव्व्याण्णव आणि रिपोर्टात एकोणनव्वद असलेल्या एका आईवडिलांनी त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. ते नव्व्याण्णवचं पत्र त्यांनी आधीच सोसायटीच्या ग्रुपवर टाकलेलं होतं. दुसऱ्या एका घरी रिपोर्ट उघडलाच नसावा. शाळेत आला तो एकच माणूस, जुईचा बाबा.

तो ठाण्याच्या कोर्टात स्टेनो होता. दिवसभर दुसऱ्याचं बोलणं शब्दाला शब्द उतरवून घ्यायचं, त्यात एक आकडा इकडचा तिकडे झाला तर केस फिरते. अशा माणसाला दोन कागदांवर दोन आकडे दिसले की झोप येत नाही. त्याने दोन्ही कागद माझ्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले.

"मिस, यातलं खरं कुठलं? म्हणजे आम्हाला काही प्रॉब्लेम नाहीये. फक्त रेकॉर्डला काय धरायचं ते सांगा."

बाबा बिचारा चेहऱ्यावर हसू ठेवून उभा होता. आपण आपल्याच मुलीच्या पायावर कुऱ्हाड मारायला आलोय, हे त्याला तोपर्यंत कळलेलं नव्हतं.

मी बाईंकडे गेले. रडतच गेले म्हटलं तरी चालेल. सगळं सांगितलं, माझा नियमही सांगितला. बाईंनी चष्मा कपाळावर नेला.

"एकोण म्हणजे नऊ, असं तुला वाटलं?"

"हो."

"एकोण म्हणजे एक उणा, बाळ. ऐंशीला एक उणा." मग जरा थांबून म्हणाल्या, "नियम स्वतः शोधलास. छान चूक आहे."

"बाई, प्लीज, आपण त्यांना सांगू ना की रिपोर्टमध्येच प्रिंटिंगची चूक आहे. कंपनी काय बघायला येतेय? जुई पण राहील, माझी नोकरी पण."

बाई माझ्यावर ओरडल्या नाहीत, म्हणून जास्तच लाज वाटली. "एकोणऐंशी हे एकोणऐंशीच," एवढं बोलून त्या उठल्या आणि सरळ प्रिन्सिपल मॅडमच्या केबिनमध्ये गेल्या. दारावर टकटकसुद्धा केली नाही.

दोन दिवसांनी मीटिंग बोलावली. प्रिन्सिपल मॅडम, कौन्सेलर मॅडम, संस्थेचे एक विश्वस्त, जुईचा बाबा, बाई आणि आरोपी म्हणून मी. विश्वस्त हे मराठीचे मोठे कैवारी. दर फेब्रुवारीत हॉलमध्ये मातृभाषेवर त्यांचं भाषण असे, आणि ते ऐकताना आम्हाला डोळे पुसावे लागत. त्यांची नातवंडं कुठल्या माध्यमात होती ते विचारायची पद्धत नव्हती.

"बेसिक मराठी नंबर्स येत नाहीत अशा टीचर आपण ठेवतो कशा?" विश्वस्तांनी मॅडमना विचारलं. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. जुईचे दोन्ही कागद टेबलावर घडी केलेले पडले होते, तेही अजून कुणी उघडले नव्हते.

तेव्हा बाईंनी पर्समधून कोऱ्या चिठ्ठ्या काढल्या. त्या त्यांनी घरूनच कापून आणल्या होत्या, सगळ्या सारख्या. मला सोडून प्रत्येकापुढे एकेक ठेवली.

"एकोणऐंशी. आकड्यात लिहा. शेजारच्याचं बघायचं नाही."

"बाई, धिस इज नॉट..." प्रिन्सिपल मॅडम म्हणाल्या.

"दहा सेकंदांचं काम आहे."

त्या आवाजापुढे आजवर कुणाचं काही चाललेलं नव्हतं. सगळ्यांनी लिहिलं. बाईंनी चिठ्ठ्या गोळा केल्या आणि एकेक वाचल्या. प्रिन्सिपल मॅडम, एकोणनव्वद. कौन्सेलर मॅडम, एक्याऐंशी. मातृभाषेच्या कैवाऱ्यांनी शाईच्या पेनाने, वळणदार अक्षरात, एकोणनव्वद लिहून खाली रेघ मारली होती. जुईच्या बाबाने बारीक अक्षरात लिहिलं होतं, एकोणऐंशी, आणि आकडाही बरोबर होता. अख्ख्या टेबलावर बरोबर उत्तर एकट्याचं, आणि त्या उत्तरापायी त्याचीच मुलगी बाहेर जाणार होती.

कौन्सेलर मॅडम पाणी प्यायल्या.

"हिची चूक नाही," बाई म्हणाल्या. "माझी आहे. इंग्रजीत वाचू का, असं तिने विचारलं होतं. सत्तर नऊ म्हटलं असतं तरी चाललं असतं. मी हट्ट केला. समोरच्याला कळतंय का ते विचारलं नाही. बत्तीस वर्षं पोरांना हेच विचारत आलेय, आणि हिला विचारलं नाही." माझ्यासाठी कुणी असं उभं राहिलं नव्हतं, ना आधी, ना नंतर.

माझी नोकरी त्या चिठ्ठ्यांनी वाचवली. जुईचं काय, हा प्रश्न उरला.

बाईंनी जुईची वही टेबलावर ठेवली. "चार महिने ती रॉकेटमध्ये आहे. अपूर्णांक येतात, भागाकार येतो. बघा. आकडा चुकला, मुलगी चुकलेली नाही. राहू दे तिला."

वही कुणी उघडली नाही.

"बाई, आय अंडरस्टँड," प्रिन्सिपल मॅडम म्हणाल्या, आणि त्यांचं बोलणं खोटंही नव्हतं. "पण एकोण... सेव्हंटी नाइनला ठेवलं, तर ऐंशी ते चौऱ्याऐंशीवाले पेरेंट्स उद्या माझ्या दारात उभे राहतील. त्यांना काय सांगू?"

"त्यांनाही घ्या."

"मग एकोणऐंशीच्या खालचे येतील."

"त्यांनाही घ्या."

"अहो बाई," विश्वस्त कळवळून म्हणाले, "सगळेच रॉकेटमध्ये बसले तर त्याला रॉकेट कोण म्हणणार?"

हा युक्तिवाद बिनतोड होता. रिपोर्टवर एकोणऐंशी होते, रेकॉर्ड दुरुस्त झालं, आणि सोमवारपासून जुईने रिव्हरमध्ये बसायचं ठरलं. जुईचा बाबा उठताना मला म्हणाला, "मी विचारायलाच नको होतं, मिस." मी "नाही हो, तसं काही नाही" असलं काहीतरी पुटपुटले. त्याने दोन्ही कागद पुन्हा नीट घडी करून पिशवीत ठेवले.

मुलीला सांगायचं कुणी? कौन्सेलर मॅडमनी त्यासाठी एक गोष्ट तयार केली होती. एक नदी असते, ती हळू वाहते, पण तीच शेवटी समुद्राला मिळते. बाई म्हणाल्या, "ती मुलगी विचारेल, रॉकेट कुठे मिळतं? मग काय सांगाल?" गोष्ट रद्द झाली.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर बाईंनी जुईला वर्गात थांबवलं आणि मलाही थांबवलं. त्या छोट्या बाकावर कशाबशा बसल्या, तिच्यासमोर.

"जुई, तुझे मार्क एकोणऐंशी होते. आम्ही एकोणनव्वद लिहिले. चूक आमची दोघींची. तुझी काहीच नाही. पण आता सोमवारपासून तुला या मिसच्या वर्गात बसायला लागेल."

जुईने नेहमीसारखा वेळ घेतला. आम्ही दोघी वाट बघत बसलो.

"मग मला अपूर्णांक येतात, ते परत द्यायचे का?"

बाईंनी चष्मा काढून बाकावर ठेवला. "नाही गं राणी," त्या म्हणाल्या. "ते तुझे. तुला आले, ते आता कुणालाही काढून घेता येणार नाहीत." आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवताना त्या उघड रडत होत्या.

त्या एप्रिलमध्ये बाई रिटायर झाल्या. शाळेने त्यांना एक भिंतीवरचं घड्याळ दिलं. अधूनमधून त्यांचा शहाडहून फोन येतो. "डोंबिवली, एकोणसाठ म्हणजे किती?" "फिफ्टी नाइन, बाई." "मराठीत सांग." मग इकडचं तिकडचं झालं की त्या विचारतात, "जुईला अपूर्णांक येतात ना गं अजून?"

"येतात, बाई," असं मी सांगते. दरवेळी खोटं सांगते.

त्याचं असं झालं. जुई रिव्हरमध्ये आली त्याच आठवड्यात मी फळ्यावर तेरा भागिले चार लिहिलं. सगळ्यांनी तीन, बाकी एक लिहिलं. जुईने लिहिलं सव्वातीन. अगदी बरोबर. पण आमच्या बॅचला अपूर्णांक पुढच्या वर्षी होते, उत्तरांच्या छापील कागदावर बाकी एक होतं, आणि नवी मुलगी रुळली का हे बघायला कौन्सेलर मॅडम दुसऱ्या दिवशी वह्या उघडणार होत्या. माझी नोकरी नुकतीच वाचलेली.

"जुई, बरोबर आहे. पण आपल्यात हे अजून झालं नाहीये. आपल्यात बाकी लिहितात."

"पण मिस, ती पण वाटता येते ना? एकाचे चार भाग करून."

"हो बेटा. पण इथे नको."

तिने मुकाट्याने खोडलं आणि बाकी एक लिहिलं. दुसऱ्या दिवशीही लिहिलं. नंतर मला कधी सांगावं लागलं नाही.

मार्चमध्ये, वर्ष संपत आलं होतं, वह्या बघणारं कुणी नव्हतं, तेव्हा नऊ भागिले दोन करताना मी तिच्या बाकाशी वाकले आणि हळूच म्हटलं, "जुई, तुला हवं तर तू साडेचार लिही. मी बरोबर देईन."

जुईने मान वरसुद्धा केली नाही.

"नको, मिस," ती म्हणाली. "आपल्यात बाकी लिहितात."